कंदावर बसलेली बाई

आमच्या खेळात जग केळीच्या खोडासारखं होतं. एक सोपट काढलं की आत दुसरं, ते काढलं की तिसरं. सगळ्यात आत गाभा, आणि गाभ्यातून एक दिवस केळफूल बाहेर येणार. ते ज्याला आधी दिसेल त्याला पुढचं जग बघायला मिळेल. आम्ही कितीतरी सुट्ट्या खेळलो, पण गाभ्यापर्यंत कोणीच पोचलं नाही. जरा जवळ गेलं की फुईला मध्ये आणखी एक सोपट सापडायचं.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. कॉलनीतल्या मैत्रिणी आत्या म्हणायच्या, आमच्याकडे फुई. नवऱ्याने दुसरी घरात आणल्यावर पंचांसमोर काडीमोड झाली आणि ती चोपड्याजवळच्या आमच्या गावी, आबांकडे, परत आली. आबा म्हणजे माझे आजोबा. तेव्हा ती तिशीच्या आतच होती. आबांचा स्वयंपाक, गोठा, केळीच्या बागेतल्या मजुरांची न्याहारी हे सगळं तिच्याकडे. दुपारी सगळे आडवे झाले की ती मागच्या ओट्यावर चुन्याची गोल रिंगणं काढायची, एकात एक, आणि मला हाक मारायची.

मी दीपनगरहून यायचे. वडील वीजकेंद्रात कामाला, आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. माझ्या पाठीवर दोन भावंडं लागोपाठ झाली होती आणि आई त्यांच्यातच गुंतलेली असायची. माझे हाल होत होते असं काही नाही. जेवायला मिळायचं, शाळेत पाठवायचे, वर्षातून दोन फ्रॉक शिवायचे. फक्त मी बोलायला लागले की घरात कोणाचं तरी दुसरं काम निघायचं. फुईचं निघायचं नाही. ती ऐकायची, आणि ऐकून झाल्यावर प्रश्न विचारायची. वर्षभर मी त्या प्रश्नांवर गुजराण करायचे असं म्हटलं तरी चालेल.

खेळाचं साहित्य घरचंच होतं. चिंचोके फोडून, एक बाजू दगडावर घासून पांढरी केलेले, ते फासे. तिची सोंगटी लाल बांगडीचा तुकडा. माझी सोंगटी कॉलनीतून आणलेल्या जुन्या फ्यूजचा चिनीमातीचा तुकडा, आणि त्याचा मला फार तोरा होता.

सगळ्यात बाहेरचं सोपट वाळकं. तिथे वाऱ्याची माणसं राहायची. ती दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची. तिथे सोंगटी पडली की डोळे मिटूनच पुढचे चिंचोके टाकायचे. त्याच्या आतलं सोपट पाण्याचं. तिथली तापी खालून वर वाहायची आणि मासे कोणाचं काय विसरलंय ते लक्षात ठेवायचे. तिथे पडणाऱ्याने स्वतः विसरलेलं काहीतरी आठवून सांगायचं, नाहीतर जागेवरून हलायचं नाही. मग कापसाचं सोपट. तिथे आवाजच नव्हता, म्हणून तिथे असेपर्यंत खुणांनी बोलायचं. एकदा फुई कापसाच्या सोपटात अडकली असताना आबांनी चहा मागितला आणि तिने बोटांनी सांगितलं, दूध फाटलंय. आबांना वाटलं हिचा घसा बसला. त्यांनी हळद-दूध घे म्हणून बजावलं, आणि दूध फाटलेलं असल्यामुळे आम्हा दोघींना हसू आवरेना.

राखेचं सोपट मात्र माझं होतं. दीपनगरला दोरीवर वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय अंगात घालता यायचे नाहीत, चिमणीची बारीक राख बसलेली असायची. मी फुईला सांगितलं, त्या सोपटात कपडे न झटकता घातले की कालचा माणूस अंगात शिरतो आणि आपण आपण राहत नाही. तिला हे इतकं आवडलं की तिने लगेच नियम केला. तिथे पडलं की सोंगटी झटकायची. विसरलं तर सोंगट्यांची अदलाबदल. त्या दिवसापासून गावातल्या दोरीवरचे स्वच्छ कपडेसुद्धा ती झटकूनच घडी घालायची आणि माझ्याकडे बघायची.

जग कसं झालं यावरून आमची भांडणं व्हायची. तिचं म्हणणं, हे काही पहिलं जग नाही. आधी एक केळ होती. तिने घड दिला आणि घड उतरल्यावर तिला कापली. कापलेल्या जागेतून चीक गळला. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, तो कशानेच जात नाही. रात्र म्हणजे तो डाग. आणि कापलेल्या केळीच्या बुडाशी जी पील, म्हणजे नवा कोंब, उगवली, ते आपलं जग.

"कोणी कापली पण?" मी विचारलं.

"ज्यानी लायी, त्यानीच," फुई म्हणाली.

हे मला पटलं नाही. माझ्या मते जग चिमणीतून बाहेर पडलं होतं, आधी धूर, मग राख, मग राख बसून जमीन. मी हट्टाला पेटले. तिने मध्येच हात वर केला. "तुन्ही बात तुना सोपटमा खरी, मन्ही मना सोपटमा," असं म्हणून तिने वाद मिटवला. मोठ्या माणसाने माझी गोष्ट खोटी न म्हणता बाजूला जागा करून देण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती. मी मोठेपणी पुष्कळ शिकलेल्या लोकांत वावरले, पण हे त्यांच्यातल्या फारच थोड्यांना जमतं.

आता त्या बाईकडे येते. ती माझ्या एका प्रश्नातून निघाली.

त्या वर्षी वाऱ्याने बऱ्याच बागा आडव्या केल्या होत्या. घडाच्या वजनाने झुकलेल्या केळींना बांबूचे टेकू लावण्याची धांदल चालली होती. ते बघून आल्यावर मी फुईला विचारलं, "आपलं एवढं सगळं जग कशावर टेकलंय?" तिने यावर कधी विचार केला नव्हता, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून झाल्यावर म्हणाली, "खाले एक बाई बठेल शे. कंदवर."

"ती उठली तर?"

"ती उठनी ते बठ्ठं पडी जाई."

सगळं जग पडणार म्हटल्यावर मी खूश झाले. त्या दिवसापासून ओट्यावरच्या सगळ्या रिंगणांच्या खाली, भिंतीच्या बाजूला, फुई एक चुन्याचा ठिपका काढायची. खेळ सुरू करताना त्या ठिपक्याला बोट लावायचं. ती बाई खेळायची नाही, तिचा डाव नव्हता. तिचं काम बसणं. आम्ही तिला नावसुद्धा दिलं नाही.

मी अकरा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात वडिलांनी फुईसाठी एक स्थळ आणलं. साक्रीचा माणूस, बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं, किराण्याचं बरं दुकान होतं. वडिलांची आणि त्याची धुळ्यात कोणाकडे तरी गाठ पडली होती. पाट लावायचा होता, गाजावाजा काही नव्हता. तो त्याच्या मोठ्या बहिणीला घेऊन गावी आला. उंच, जरा वाकून चालणारा, कानामागे पेन्सिल अडकवलेला माणूस. दुकानातून निघताना काढायची विसरला असणार. मी त्याला दारातूनच नापसंत केलं. चहा झाल्यावर त्याने सगळ्यांसमोर फुईलाच विचारलं, "तुमाले दुकानमा बठानं आवडी का?"

आमच्या घरात फुईला काय आवडेल, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी सोडून, आणि मीसुद्धा खेळातलंच विचारायचे. ती मान खाली घालून "आवडी" म्हणाली आणि आत आली. आत आल्यावर पदर तोंडाला लावून हसत राहिली. "माले इचारस," ती मला म्हणाली, "दुकानमा बठशी का म्हने." संध्याकाळपर्यंत ती हे दोनतीनदा बोलली. तिला तो माणूस आवडला होता. अकराव्या वर्षी एवढं कळतं. मला कळत नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे, पण ते खोटं आहे.

पाहुणे गेल्यावर वडील तिच्याजवळ बसले. "तुना मनमा काय शे ते सांग. आमी तेच करसूत," ते म्हणाले. आबा सुपारी कातरत राहिले. आखाजी झाली की सांगते, असं फुई म्हणाली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सगळ्यांना खेळ माफ असतो. सकाळी पितरांची घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवलं, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकली, पुरणपोळी आणि आमरस झाला, की पुरुष निंबाखाली उघडपणे पत्ते कुटत बसतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. माहेरी आलेल्या मुली झोके घेतात, गाणी म्हणतात. फुईला झोक्यावर बोलावलं होतं. ती गेली नाही. तिने त्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, मागच्या नाही तर पुढच्या ओट्यावर आमची रिंगणं काढली.

आणि एक नवं सोपट काढलं. डोंगराचं. गाभ्याकडे जाताना नव्हे, एकदम कडेला, बाकीच्या रिंगणांना जेमतेम चिकटलेलं. तिथे जंगल होतं. तिथे आठवड्याचा बाजार भरायचा आणि बाजारात लोक रात्री पडलेली स्वप्नं विकायला आणायचे. तिथे नियम काय, मी विचारलं. नियम अजून ठरला नाही, ती म्हणाली, तिथे गेल्यावर कळेल. मग तिने मला विचारलं, तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात साक्री कुठे आहे? तिथे नदी आहे का? मी सांगितलं, पांझरा. तिने चुन्याची एक बारीक रेघ त्या सोपटातून ओढली.

ती मला सांगत होती. घरातल्या कोणाला सांगण्याआधी ती मला सांगत होती, आणि आमच्या भाषेत सांगत होती, म्हणजे मला लागू नये. तिची लाल बांगडी त्या डोंगराच्या सोपटात पडली आणि चिंचोके पुन्हा टाकायची पाळी आली तेव्हा तिने टाकले नाहीत. सोंगटी तिथेच राहू दिली.

मी भिंतीच्या बाजूच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही बाई तूच आहेस ना?" मी विचारलं.

ती हसली. "मी कशी व्हसू? मी ते खेळी रायनू."

"नाही, तूच आहेस," मी म्हणाले. "तू साक्रीला गेलीस तर ही उठली. मग वरचं सगळं पडेल. आबा पडतील. पण आबांना बघायला तुझे भाऊ आहेत, माझे वडील आणि काका. मी पडेन. मला दुसरं कोणी नाही."

मी रडले नाही. रडले असते तर तिने मला जवळ घेतलं असतं, डोळे पुसले असते आणि विषय संपला असता. मी शांतपणे, खेळाचा नियम सांगावा तशी बोलले. तिनेच केलेला नियम होता. आणि मग मी माझी सोंगटी, तो फ्यूजचा तुकडा, सगळ्या रिंगणांच्या बाहेर जमिनीवर टाकून दिली.

निंबाखाली कोणीतरी डाव जिंकल्याचा गलका झाला. फुईने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने तांब्यातलं पाणी हातावर घेऊन डोंगराचं सोपट पुसलं, नदीसकट. माझी सोंगटी उचलून झटकली, आत ठेवली आणि म्हणाली, "चाल, तुना डाव."

मी डाव खेळले, आणि जिंकलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांना म्हणाली, "माले जानं नही, भाऊ. आबाले कोन देखी?" वडिलांनी खूप समजावलं. ते तिच्यावर चिडले, आबांवर चिडले, शेवटी न जेवता बसस्टँडवर गेले. मी तिथेच दाराशी उभी होते आणि मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

पुढे गावभर झालं की पोरगी बापासाठी थांबली. आबा तर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, मुलाने केलं नसतं एवढं लेकीने केलं. लग्नाकार्यात बायका तिच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलींना शिकवण द्यायच्या. मला हे ऐकून संताप यायचा. मी कुणालाही खरं सांगितलं नाही, पण संताप यायचा. कधीकधी तो फुईवरच निघायचा. एवढी शहाणी बाई, अकरा वर्षांच्या पोरीचं बोलणं मनावर घेतेच कशी, असं वाटायचं. हा प्रश्न मी वर्षानुवर्षं अशा तऱ्हेने विचारला की उत्तरात माझा दोष निघू नये.

खेळ त्यानंतर दोनच उन्हाळे टिकला. मग माझी शाळा, मग जळगावला कॉलेज. मला खेळाची लाज वाटायला लागली. सुट्टीत गावी गेले तर फुई चुना भिजवू का म्हणून विचारायची आणि मी परीक्षेचं सांगायचे. जिला पडायची भीती होती ती मजेत उठून निघून गेली आणि जिला बसवलं होतं ती बसूनच राहिली. मी तेव्हा याचा विचारही केला नाही. आपलं बरं चाललेलं असलं की माणूस मागे वळून बघत नाही.

पुढे मी धुळ्याला नोकरीला लागले. एकदा कामासाठी साक्रीला जायची वेळ आली. काम दुपारपर्यंत उरकलं आणि मी बाजारात त्या दुकानाची चौकशी केली. का केली माहीत नाही. बहुधा मला तो माणूस वाईट निघायला हवा होता. दारुडा, नाहीतर कर्जात बुडालेला, नाहीतर बायकोवर खेकसणारा. तसं असतं तर मी सुटले असते.

दुकान चांगलं चाललेलं होतं. तो म्हातारा झाला होता, कानामागे पेन्सिल तशीच. गल्ल्यावर त्याची बायको बसली होती, जाड भिंगांचा चष्मा लावून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत. तिला ठसका लागला तर त्याने तराजू सोडून माठातलं पाणी आणून दिलं आणि परत तराजूकडे गेला. ती पाणी प्यायली, पेला बाजूला ठेवला आणि हुज्जत पुढे चालू केली. बस एवढंच. त्या दोघांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी कंदिलाची काच विकत घेतली. माझ्याकडे कंदील नव्हता.

त्यानंतरच्या आखाजीला मी गावी गेले. आबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात फुई आणि नंतर तिथे राहायला आलेलं काकांचं कुटुंब. मी मनाशी ठरवून गेले होते की या वेळी तिच्याशी बोलायचं, माफी मागायची. एसटीत मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. आता लिहिताना दिसतं की त्या वाक्यांतही निम्म्याहून जास्त माझंच होतं.

निंबाखाली पत्ते चालले होते. फुई पुढच्या ओट्यावर बसली होती, केस पांढरे, आणि तिच्याभोवती शेजारपाजारची चारपाच पोरं. मध्ये चुन्याची रिंगणं. मी चप्पल काढून कडेला बसले. तिने मान हलवून बस म्हटलं आणि पोरांना सांगत होती ते पुढे सांगू लागली. आधीची केळ, तिचं कापलं जाणं, चिकाची रात्र, बाजूची पील. वाळक्या सोपटातली वाऱ्याची माणसं. राखेच्या सोपटात सोंगटी झटकायची, हेसुद्धा तिने जसंच्या तसं ठेवलं होतं. आणि कडेला, बाकीच्यांना जेमतेम चिकटलेलं, डोंगराचं सोपट होतं. नदीसकट.

मी भिंतीच्या बाजूला पाहिलं. तिथे ठिपका नव्हता.

"मंग एक आखाजीले," फुई सांगत होती, "ती कंदवरली बाई उठनी. लुगडं झटकं, आनि चालनी गयी माहेरले."

"मंग बठ्ठं पडनं का?" एका मुलीने विचारलं.

"काहीच नही पडनं."

मुलगी विचारात पडली. तिला ते पटलं नव्हतं. "पडनार नव्हतं ते मंग इतला दिन ती काबरं बठेल व्हती?"

फुईने चिंचोके गोळा केले, ओंजळीत खुळखुळवले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"वरे एक पोर व्हती," ती म्हणाली. "ती घाबरे."

मग तिने चिंचोके माझ्यापुढे ठेवले, कारण मी येऊन बसले होते आणि पुढचा डाव माझा होता. पोरं माझ्याकडे बघत होती, आणि मला ते उचलता येईनात.